हेमाडपंतांच्या खात्यावर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले, की ते हेमाडपंतांनी बांधले असे सांगून गावकरी मोकळे होतात. कर्जवसुलीसाठी बँकेच्या जीपमधून हिंडताना हे उत्तर मी इतक्या गावांत ऐकले, की या गृहस्थांविषयी कुतूहलच वाटू लागले. एका माणसाने बांधावे तरी किती?

हेमाद्री हे कामदेवांचे पुत्र. देवगिरीच्या महादेव यादवाच्या (१२६१ ते १२७१) आणि पुढे रामचंद्रदेवाच्या दरबारी ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख होते. खतावण्यांत आयुष्य घालवलेल्या मला ते त्यामुळेच जवळचे वाटतात. दप्तर सांभाळून त्यांनी व्रते, दाने, तीर्थे यांवर ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला, वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर टीका लिहिली, बोपदेवासारख्या पंडिताला आश्रय दिला. यादवांची वंशावळ आज लावता येते तीही बरीचशी त्यांच्याच प्रशस्तीमुळे. मोडी लिपी त्यांनी आणली, बाजरीही त्यांनीच, असे लोक सांगतात. त्याला पुरावा मागू नये.

देवळांचे गणित मात्र जुळत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे १०६० सालचे. तेव्हा हेमाद्रींचे पणजोबाही जन्मले नसावेत! तरी तेही हेमाडपंतीच म्हणवते. शैली आधीची, नाव नंतरच्या कारभाऱ्याचे.

यवतमाळजवळ लोहाऱ्याचे कमलेश्वराचे देऊळ याच नावाने ओळखले जाते. या पद्धतीत चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमका बसणारा उंचवटा. बाकी काम वजनाचे. छत करताना चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकायच्या, त्यांवर आणखी लहान चौकोन, असे करीत वरचे तोंड मिटवायचे. याच तेराव्या शतकात, १२२१ साली, स्पेनमध्ये बुर्गोसच्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. तिथल्या एन्रिके नावाच्या स्थपतीचे नाव तरी कागदोपत्री उरले. आपल्याकडे कित्येक देवळांच्या सांध्यांवर जीर्णोद्धार म्हणून सिमेंट आणि ऑइलपेंट चढले, आणि पाथरवटांची उरलीसुरली सहीही बुजली.

त्या पाथरवटांची नावे, त्यांची मजुरी, बैलगाड्यांचे भाडे श्रीकरणाधिपांच्या दप्तरात कुठेतरी चढले असेल. ते दप्तर मात्र देवगिरीबरोबर गेले.