चाल तीच, गाणे निराळे : मास्टर दीनानाथ

आमच्या जासईत गणेशोत्सवात कुणी जुने नाट्यपद हुबेहूब गाऊन टाळ्या घेतो, तेव्हा मला दीनानाथ मंगेशकर आठवतात. १९०० साली गोव्यात मंगेशीला जन्मलेल्या या गायकनटाने सहकाऱ्यांसह १९१८ मध्ये ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तील पदे १९११ पासून गोविंदराव टेंब्यांच्या चालींत रसिकांना पाठ होती. दीनानाथांनी तीच पदे पंजाबी ढंगाने, तेजस्वी तानांनी गायिली. जुन्या चालींवर जीव असणाऱ्यांना हा आगाऊपणा वाटला असेल; मला तर नकलेपेक्षा हाच मूळ पदाचा मान वाटतो. पुढे चित्रपटांच्या धंद्यात पैसा बुडाला. १९४२ च्या एप्रिलमध्ये, ४१ व्या वर्षी, ते पुण्यात वारले. थोरली लता तेव्हा १२ वर्षांची होती. त्यांची पदे नंतर वसंतराव देशपांड्यांनी गायिली, तीही स्वतःच्या गळ्याने.