व्हेर्नर हार्टेनस्टाइन
व्हेर्नर हार्टेनस्टाइन (२७ फेब्रुवारी, १९०८:प्लाउएन, जर्मनी - ८ मार्च, १९४३:अटलांटिक महासागर) हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन नौदल अधिकारी होता.

यू-१५६ या पाणबुडीचा कप्तान असताना त्याने १२ सप्टेंबर, १९४२ रोजी पश्चिम आफ्रिकेजवळ लॅकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवले. त्यावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी असल्याचे कळताच त्याने बचावकार्य सुरू केले व कैद्यांबरोबर ब्रिटिश सैनिक, स्त्रिया आणि मुलांनाही पाण्यातून काढले. मदतीसाठी इंग्लिशमध्ये उघड संदेश पाठवून त्याने शत्रूला आपला ठावठिकाणाही कळवला. पाणबुडीवर रेड क्रॉसचे निशाण अंथरलेले असूनही १६ सप्टेंबरला अमेरिकन विमानाने बॉम्ब टाकले. तेव्हा वाचवलेल्यांना पुन्हा समुद्रात सोडणे त्याला भाग पडले. यानंतर पाणबुडी दलप्रमुख कार्ल ड्योनिट्झने अशा बचावकार्यास मनाई केली. हा आदेश पुढे न्यूरेंबर्ग खटल्यात त्याच्याविरुद्ध मांडला गेला.

बार्बाडोसच्या पूर्वेस अमेरिकन विमानाने यू-१५६ बुडवली. हार्टेनस्टाइनसह तिच्यावरील कोणीही वाचले नाही.