साताऱ्याची वाट : महर्षी धोंडो केशव कर्वे

महर्षी कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सवंगड्यांसह कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट! परंतु चण लहान दिसली म्हणून त्यांचे वय मान्य झाले नाही आणि परीक्षेस न बसताच त्यांना परतावे लागले.

तरी ते खचले नाहीत. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेत इंग्रजी शिक्षण घेऊन १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले.

परक्या भाषेत शिकणाऱ्यास विषयाआधी भाषेशीच झुंजावे लागते, हे ते जाणून होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेस शिक्षणाचे माध्यम केले. मात्र इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवला. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

घरी मराठी, सिविल लाइंसच्या रस्त्यावर हिंदी आणि महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर इंग्रजी, अशी आपल्या मुलांची वाट आहे. एखाद्या परीक्षेत इंग्रजीपाशी मूल अडखळले, तर पालकांनी त्याच्या बुद्धीवर शंका घेऊ नये. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतलेला तो मुलगा आठवावा.