मोगलीचा बाप मुंबईकर होता!

मोगली माहीत नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. आपल्या सरांच्या पिढीने त्याला नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलं. रविवार, टीव्हीसमोर मांडी घालून बसलेलं अख्खं घर, गुलजारांनी लिहिलेलं टायटल साँग आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा!

आमच्या बॅचचा मोगली मात्र २०१६ चा. त्या वर्षी ‘द जंगल बुक’ हा लाइव्ह-ॲक्शन सिनेमा येणार म्हटल्यावर आमचा वर्ग नुसता पेटला होता. आम्ही तेव्हा चौथी-पाचवीत. कार्टूनमधला बल्लू खराखुरा अस्वल दिसणार, मोगली तर चक्क आपल्या वयाचा पोरगा! परीक्षा संपायची वाट आणि सिनेमाची वाट, दोन्ही एकदमच चालू. हिंदीत शेरखान पुन्हा नानाच, म्हणून घरचे मोठेही आमच्याइतकेच उतावीळ. ८ एप्रिलला सिनेमा भारतात लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. काय ती मिजास आमची!

अशी वाट त्याआधीही लोकांनी पाहिली होती. १९४२ साली म्हैसूरच्या एका माहुताचा मुलगा साबू पडद्यावर मोगली झाला. १९६७ ला डिस्नेचं कार्टून आलं, १९९४ ला पुन्हा खऱ्या माणसांचा सिनेमा. दर पिढी एका नव्या मोगलीची वाट बघते. पण मित्रांनो, ज्याने हा मोगली लिहिला, त्याचं स्वतःचं आयुष्यसुद्धा वाट बघण्यातच गेलं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, आपल्या मुंबईतला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची कोरीव शिल्पं त्यांच्याच डिझाइनची. पुढच्या वेळी तिकडे खरेदीला गेलात तर मान वर करून बघा. छोट्या रुडयार्डला सांभाळायला आया होती, घरगडी होता. त्यांच्या गोष्टी ऐकत तो वाढला आणि इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी जास्त सफाईने बोलायचा. आईबाबांसमोर जाताना आता इंग्रजीत बोल, असं त्याला बजावावं लागे!

१८७१ मध्ये हे सगळं एका फटक्यात संपलं. हिंदुस्थानातले इंग्रज आपली मुलं शिक्षणासाठी विलायतेला ठेवत, तशी रीतच होती. सहा वर्षंही पूर्ण न झालेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना साउथसी गावातल्या एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवलं आणि आईवडील मुंबईला परतले. आम्ही जातोय, हे मुलांना नीट सांगितलंही नाही. त्या घरातल्या बाईने मुलाचा अतोनात छळ केला. मार, धाक, शिक्षा म्हणून वाचनबंदी. तो चोरून अंधुक उजेडात वाचायचा. डोळे अधू झाले, पण कोणाला पत्ता नाही. डिसेंबरमध्ये लंडनच्या मावशीकडे महिनाभर राहायला मिळायचं, तेवढंच सुख. आई परत आली १८७७ मध्ये. म्हणजे साधारण सहा वर्षं! आपण होमसिक होऊन पहिल्या सेमिस्टरला आठ दिवसांत घरी पळतो, तेव्हा हा हिशेब एकदा करून बघावा.

१८८२ मध्ये, सतराही पूर्ण नसताना, तो हिंदुस्थानात परतला आणि लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये नोकरीला लागला. दिवसभर बातम्या, रात्री गल्लीबोळांतून भटकंती. पुढे अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये गेला. १८८९ ला हिंदुस्थान सोडला तेव्हा त्याच्या कथांचा बोलबाला सुरू झालेला होता.

आता गंमत बघा. जंगल बुक ना सिवनीच्या जंगलात लिहिलं गेलं, ना मुंबईत. १८९२ मध्ये लग्न करून तो अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये राहिला. तिथे बर्फात बुडालेल्या एका छोट्या घरात, पहिल्या बाळाची वाट बघत असताना, त्याने लांडग्यांच्या कळपातल्या माणसाच्या पोराची गोष्ट लिहायला घेतली. ज्या वैनगंगेकाठी ती घडते, तीच नदी पुढे आपल्या भंडारा जिल्ह्यातून वाहते. ते रान त्याने जुळवलं ते दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून आणि ऐकीव माहितीवरून. २०१६ च्या सिनेमातलं जंगलसुद्धा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बनवलं होतं आणि त्याच्या व्हिज्युअल इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं. म्हणजे कॉम्प्युटर नसताना किपलिंगने तेच काम नुसत्या टाकावर केलं होतं!

१८९४ ला ‘द जंगल बुक’ आणि १८९५ ला दुसरा भाग आला. कार्टूनवर वाढलेल्यांनी मूळ पुस्तक जरूर वाचावं. का हा अजगर तिथे व्हिलन नाही, उलट मोगलीचा दोस्त आहे. आणि पुस्तकातला मोगली कळपातूनही हाकलला जातो, गावातूनही. घरं दोन, पण हक्काचं एकही नाही. साउथसीचा तो मुलगा आठवला की हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

ते बाळ म्हणजे मुलगी जोसेफिन. पुस्तकाची एक प्रत त्याने खास तिच्या नावाने लिहून दिली होती. २०१० मध्ये ती इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात सापडली. जोसेफिन मात्र १८९९ मध्येच न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली, वय सहा. बाप स्वतः त्याच आजाराने मरणाच्या दारात होता, म्हणून त्याला ही बातमी उशिरा सांगितली.

१९०७ मध्ये नोबेल मिळालं, वय अवघं ४१. साहित्यात इतक्या लहान वयात ते अजून दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. पण १९१५ मध्ये मुलगा जॉन फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. नजर अधू म्हणून सैन्याने त्याला आधी नाकारलं होतं; बापानेच ओळख वापरून भरती करवलं होतं. कित्येक महिने किपलिंग पतिपत्नी हॉस्पिटलं पालथी घालत राहिले, जॉनच्या सोबतच्या सैनिकांना विचारत राहिले. वय अठरा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरचा मुलगा. किपलिंग १९३६ मध्ये वारला, तोपर्यंत जॉनचा मृतदेह सापडला नव्हता.

आता कडू भागही सांगायलाच हवा. हा माणूस ब्रिटिश साम्राज्याचा कट्टर भक्त. काळ्यांना सुधारणं हे गोऱ्यांचं कर्तव्य, असं मानणारी त्याची १८९९ ची कविता जगभर बदनाम आहे. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी फंड जमला, त्यातही याने पैसे दिले. हिंदुस्थानी आयेच्या मांडीवर वाढलेल्या माणसाने हे करावं, याचा राग येतो आणि यायलाच पाहिजे.

तरी आपल्या लाइनमधल्यांसाठी एक गोष्ट राहिली. कॅनडात इंजिनियर होताना करंगळीत साधी लोखंडी अंगठी घालतात. आपल्या कामावर लोकांचे जीव अवलंबून आहेत, याची ती आठवण. १९२५ मध्ये सुरू झालेल्या त्या विधीचा मूळ मजकूर किपलिंगनेच लिहून दिला होता.

मग असा माणूस आवडून घ्यायचा की टाकायचा? मला वाटतं, गोष्ट आपली करावी आणि माणूस पूर्ण ओळखावा, डायरच्या फंडासकट. नवा मोगली कधी ना कधी येईलच. ट्रेलर पाहून कॉमन रूममध्ये पुन्हा दंगा होईल, मीही त्यात असेन. फक्त अंधार झाला की साउथसीच्या खिडकीत आईची वाट बघत बसलेल्या त्या चष्मिष्ट मुंबईकर पोराची आठवण ठेवू या. जंगल त्याच्यासाठी परतीचा रस्ता होता. आपल्याला तर फक्त तिकीट काढायचंय!