लक्ष्मीबाई टिळक : दुःखाच्या वाटेवर प्रभूची सोबत

नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या स्मरणाला देतो. कबरस्थानात मेणबत्त्या लावतो, नावे लिहून देऊन मिस्सा अर्पण करायला सांगतो. या महिन्यात आठवण करावी अशी एक बाई आपल्याच जिल्ह्यात राहून गेली. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या व त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, कॅथलिक नव्हेत. पण टिळकांची भजने आपणही गातो, तेव्हा त्यांना परके मानण्याचे कारण नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा त्यांनी कधी पाहिली नाही. नवरा कवी, विद्वान, प्रेमळ, पण घरी टिकणारा नव्हे. मनात आले की निघून जाई. अशा संसारात त्यांची पहिली बाळे लहानपणीच गेली. १८९१ मध्ये देवदत्त झाला, तो जगला.

आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आपण ख्रिस्ती माणसे ही गोष्ट नेहमी आनंदाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी सव्वीस वर्षांच्या एका बाईचे घर मोडले, हे आपण सांगताना गाळतो. नवरा जिवंत, म्हणून कपाळाला कुंकू होते. संसार मात्र नव्हता. जवळ लहान मूल, आणि राहायचे ते नाशिकला, पंढरपूरला, नातेवाइकांच्या आधाराने. ज्या ख्रिस्ताने पुढे त्यांचे सांत्वन केले, त्याचेच नाव तेव्हा त्यांच्या दुःखाचे कारण होते. आम्हाला वाटते, त्यांचे चरित्र वाचताना या ठिकाणी जरा थांबावे, पुढच्या चांगल्या पानावर जाण्याची घाई करू नये.

कारण हीच घाई आपण दुःखी घरात करतो. अंत्यविधीला दोन तास झाले नाहीत तोच देवाची इच्छा, देवाची योजना, असे बोलू लागतो. सेमिनरीत आम्हाला दुःखाच्या प्रश्नावर बरेच तत्त्वज्ञान शिकवले गेले. ते खोटे नाही, पण मयताच्या घरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर बरे होते. बोलू लागले आणि चुकले. लाझरसला आपण उठवणार हे प्रभू येशूला ठाऊक होते, तरी बेथानीत तो आधी रडला. मार्थाने त्याला बोल लावला, तोही त्याने ऐकून घेतला.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असेच काहीसे झाले. कोणी समजावले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. चार-पाच वर्षांनी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे नगरला आल्या, त्या स्वतःचा धर्म सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. राहुरीला असताना, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

पुढची वर्षे भरल्या घराची होती. पण दुःख संपले नव्हते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम व पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. ज्याच्यासाठी एवढे सोसले तो माणूस गेला. मागे काय राहिले? ख्रिस्ताच्या जीवनावरचे एक ओवीबद्ध काव्य, ‘ख्रिस्तायन’, दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले. शाळेत न गेलेल्या या बाईने त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घालून ते पुरे केले. एकेकाळी ज्या नावाने घर मोडले, त्याच येशूचे जीवन त्या म्हातारपणी ओवीत बांधत होत्या. तो ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या मागेच, निघाला.

देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून ठेवायला सांगितले. त्याच आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ झाली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. त्यांनी आपले दुःख लपवले नाही आणि कोणावर रागही धरला नाही. विशेष म्हणजे इतके सोसलेल्या बाईचे हे पुस्तक वाचताना माणूस पानोपानी हसतो.

‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत बंगल्यावर आहे. ज्यांच्या घरी या वर्षी कोणी गेले असेल त्यांनी ती आधी न्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या मुलांनी वाचून दाखवावी. झाल्यावर परत आणून द्यावी, म्हणजे पुढच्याला देता येईल.