बोरीबंदरचा पी.डब्ल्यू.डी.वाला

मागच्या सेमिस्टरला मी इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनीही मला नंतर काही सांगितलं नाही, फिट्टंफाट! दहा मिनिटांत सगळं आटोपलं. भुसावळकडे येणारी गाडी रात्रीची, खिशात मोजके पैसे आणि घरी फोन करायची हिंमत नाही. मग सीएसएमटीसमोर जागा मिळाली तिथं बसून राहिलो. तीन वर्षं सिव्हिल शिकतोय, पण या इमारतीकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी चार तास बघितलं. फैजपूरला परत आल्यावर, ती उभी करणाऱ्या माणसाची माहिती काढायलाच बसलो.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडमधल्या बाथ गावात. याला आपल्यासारखं चार वर्षांचं कॉलेज नव्हतं. पोरवयातच तो गावातल्या चार्ल्स डेव्हिस या आर्किटेक्टकडे उमेदवारीला लागला. १८६७ साली हिंदुस्थानातल्या पी.डब्ल्यू.डी.साठीची स्पर्धा परीक्षा पास झाला आणि इकडे आला. म्हणजे वय जेमतेम वीस! आपल्या होस्टेलवर वीस वर्षांचा गडी मेसची भाजी पातळ झाली म्हणून शनिवारीच गावाकडे पळतो. हा बोटीत बसून आला तो पुण्यात पोस्टिंगवर. पुढे मुंबईत जनरल फुलर यांच्या हाताखाली गेला. फुलर म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या इमारतीचं डिझाइन करणारे. तिथं त्याच्याकडे खलाशांसाठीच्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमचं काम आलं. १८७६ साली ते पूर्ण झालं. नंतर त्याच इमारतीत मुंबईचं विधिमंडळ भरायचं, आणि पुढे तिथं पोलिसांचं मुख्यालय आलं.

आता इथं आपला खान्देश येतो. १८७० साली जी.आय.पी. रेल्वेची भुसावळ-खंडव्यावरून जाणारी लाइन जबलपूरला कलकत्त्याच्या लाइनला जोडली गेली. सावद्याला आणि रावेरला केळी भरली जातात ती हीच लाइन. एवढा पसारा वाढल्यावर कंपनीला मुंबईत बोरीबंदरला मोठं स्टेशन आणि हेड ऑफिस हवं झालं. १८७७ साली सरकारनं स्टीव्हन्सला या कामासाठी कंपनीकडे दिलं. त्यानं आधी दहा महिने रजा घेऊन युरोपातली स्टेशनं पालथी घातली, मग १८७८ ला काम सुरू झालं. पुरं व्हायला दहा वर्षं लागली. मध्येच, १८८७ साली राणीच्या ज्युबिलीला, व्हिक्टोरिया टर्मिनस हे नावही देऊन झालं.

सिव्हिलवाल्यांनी बघायचा तो मधला घुमट. दगडी, अष्टकोनी, आठ फासळ्यांचा, आणि तो सेंटरिंगशिवाय बांधला असं सांगतात. आपल्याकडे चार मीटरचा स्लॅब टाकायचा तर खाली बल्ल्यांचं जंगल उभं करतात! घुमटात मात्र एकेक थर पुरा होऊन कडी जुळली की दगड एकमेकांना दाबून धरतात, पडायला जागाच राहत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण कडी जुळेपर्यंत तो दगड उंचावर कुणीतरी माणसानंच सांभाळलेला असतो.

काही लोक म्हणतात की ही लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची नक्कल. मला पटत नाही. ढाचा तिकडच्या गॉथिक वळणाचा आहे, मान्य. पण दगड बघा ना, मालाडचा आणि पोरबंदरचा. त्यावरची पानं, मोर, माकडं कोरण्याच्या कामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्याच वयाची पोरं. आणि साइटवर स्टीव्हन्सच्या जोडीला दोन देशी इंजिनिअर होते, सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. जनार्दन. इमारतीवर कंपनीच्या डायरेक्टरांचे मुखवटे आहेत, त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेटही आहेत. रोज साइटवर उन्हात उभे राहणारे हे दोघे मात्र मला तिथं कुठंच दिसले नाहीत. निदान आपल्या मॅगझिनमध्ये तरी त्यांची नावं छापून यावीत म्हणून मुद्दाम लिहितोय.

बाहेरून येऊन इथल्याच मालानं आणि इथल्याच हातांनी काम करण्याचा एक नमुना आपल्या गावानंही बघितलाय. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं टिळकनगर सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना फैजपूरला बोलावलं होतं. सगळं काम बांबू, चटया आणि खेड्यातले कारागीर यांच्या भरवशावर. ते काही दिवसांपुरतं होतं, अधिवेशन उठलं की तेही उठलं. स्टीव्हन्सचं मात्र दगडात राहिलं.

१८८४ साली त्यानं सरकारी नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस थाटलं. परमनंट नोकरी सोडली हे ऐकून माझ्या आईनं कपाळाला हात लावला असता. पण कामं आली. स्टेशनच्या समोरचीच महापालिकेची इमारत १८९३ साली पूर्ण झाली. तिच्यात तर गॉथिकबरोबर इस्लामी धाटणीचे घुमटही आहेत. नंतर चर्चगेटला बी.बी.सी.आय. रेल्वेचं मुख्यालय १८९९ साली उभं राहिलं, तेच आता पश्चिम रेल्वेचं. म्हणजे मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं एकाच माणसाच्या हातची!

ते काम संपलं आणि १९०० च्या मार्चमध्ये स्टीव्हन्स मुंबईतच मलेरियानं गेला. वय बावन्न. शिवडीच्या ख्रिश्चन कब्रस्तानात त्याची कबर आहे. इतकं बांधूनही साध्या डासानं नेलं. मुलगा चार्ल्स हाही आर्किटेक्ट झाला आणि त्यानं मुंबईतच बापाचं काम पुढे चालवलं.

१९९६ साली स्टेशनचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २००४ ला युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, २०१७ ला नावात महाराज आलं. आमच्या आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत बोरीबंदरच होतं.

त्या रात्री गाडीत जनरलला उभा राहूनच आलो. सावद्याला उतरलो तेव्हा उजाडलं होतं, फलाटावर केळीची पानं पडली होती. घरी सगळं खरं सांगून टाकलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की आता पुढे काय. पी.डब्ल्यू.डी.च्या ज्युनिअर इंजिनिअरची जाहिरात निघाली की फॉर्म भरणार, असं सांगितलं. स्ट्रक्चरची के.टी. मात्र आधी काढावी लागेल.