केडगावची फळबाग आणि पंडिता रमाबाई

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड) येथे पंडिता रमाबाईंनी माळरान विकत घेतले ते आश्रमासाठी नव्हे, तर फळबागेसाठी. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन बोस्टनच्या मंडळाच्या मदतीवर चाले. ती मदत दहाच वर्षांची होती. पुढे मुलींच्या पोटाचे काय, या चिंतेतून येथे विहिरी खणल्या गेल्या, रोपे लागली.

भूक बाईंना ठाऊक होती. आई-वडील दुष्काळातच गेले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सदनाचा संबंध सोडला. बाईंची श्रद्धा मात्र ढळली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. प्लेगमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा ही बागच त्यांचा आसरा ठरली. तिथेच ‘मुक्ती’ वसले. शेती, विणकाम, छपाई, सारे मुली शिकल्या.

१९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्यानंतर बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच बाईंनी देह ठेवला.